त्रिवेणीच्या चकत्या

३ मार्च १९९५, शुक्रवार
सगळ्यांत आधी आली ती शेजारची कुसुमताई, हात पिठाचेच. मग त्रिवेणीच्या कॉलेजातले केशवराव सर. नातीचा कॉम्प्युटर बघायला आमचा सारा नल्लकुंटा मोहल्ला लोटला म्हणा ना. पडद्यावर मातीची चकती, बारीक तिकोनांत कापलेली. एका तिकोनातून दुसऱ्यात ऊब सरकते. कुसुमताई म्हणाली, मग माझी शेगडी इतकी वर्षं काय करते? जळते मेली.
किती ऊब पुढे जाईल, त्याचा कॉम्प्युटर एक आकडा सांगतो. खरी चकती तापवून दुसरा काढायचा. जुळले की सर प्रोजेक्टवर सही करणार, मग बंगलोरची नोकरी. महिनाअखेरपर्यंत मुदत.
ठरवलं : कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.

५ मार्च
लावला नाही. नुसत्या चकत्या बघितल्या. कुंभाराकडून भाजून आणलेल्या, कोरड्या ठाक. नवं मडकंसुद्धा आधी पाण्यात ठेवतात, पण शिकलेल्या पोरींना कोण सांगणार. दिवसभर घंगाळात बुडवल्या, पदरानं पुसून जागेवर ठेवल्या. रंग काय सुरेख उठला. बोलले नाही. उपकार बोलून दाखवू नयेत.

८ मार्च
आकडे जुळेनात. खरी चकती जास्त ऊब पुढे धाडते म्हणे. धाडणारच, पाणी प्यालीय. कॉम्प्युटर मागे पडला. त्रिवेणी म्हणते, माझंच गणित चुकलं. जेवली नाही.
चकत्या परत भिजवल्या.

११ मार्च, दुपारी
तिकोन आता मोहरीएवढे केलेत. कॉम्प्युटर कालपासून घरघरतोय. आकडा तोच. पोरगी उशीत तोंड खुपसून रडली. मला त्यातलं काय कळतं? पाठीवरून हात फिरवला.
माझ्या हातात भिजवणं तेवढं. भिजवल्या.

१३ मार्च, सोमवार
केशवराव सर आले, सोबत चष्मेवाल्या बाई, एक्झामिनर. सरांनी चकती हातात घेतली, गालाला लावली, विचारलं ओली कशी? मी पोह्यांच्या बशा ठेवत सांगितलं, तीनदा भिजवल्यात, तुम्ही निश्चिंत राहा.
कुणी घास उचलेना.
त्रिवेणी म्हणाली, अज्जी, गणित बरोबर होतं गं माझं. हसत होती की रडत, समजलं नाही. सर हात जोडून म्हणाले, मांजी, अब हाथ नक्को लगाओ.
चकत्या गच्चीवर उन्हात. राखणीला कुसुमताई. मी नाही. कुसुमताई.
त्रिवेणी म्हणाली, ते परत येतील त्या दिवशी तू फक्त पोहे भिजव.
मंगळवारी, एकवीसला, कोरड्या चकत्या तपासायला येतो म्हणालेत.