डिकीतलं महाभारत

काका,

बीएच्या अभ्यासाला तू मला महाभारत आणून दिलंस. घरात ठेवलं की भांडणं लागतात, म्हणून आई ओरडली. "वहिनी, डिकीत ठेवतो," म्हणत तू ते हसत स्कूटरच्या डिकीत टाकलंस. रोज तिथूनच काढून मी ओट्यावर बसून वाचायचे.

परीक्षा जवळ आली तेव्हा मी ते गुपचूप गादीखाली आणून ठेवलं. त्याच आठवड्यात शीळफाट्याच्या जमिनीवरून पप्पांनी तुझ्यावर हात उचलला आणि तू खडवलीला निघून गेलास. सगळे ती जमीन मागणाऱ्या बिल्डरला शिव्या देतात. मी गादीवरची चादर नीट करते.

पेपरात विचारलेलं, युद्धाला जबाबदार कोण? मी पानभर नावं लिहिली. माझं लिहिलं नाही.

पुस्तक बाहेर ठेवायचंय रे, पण दारात तुझी स्कूटर नाही. हे पत्रही त्या पुस्तकातच ठेवतेय.

तुझी पुतणी,
दिशा