मानियातिको बाबांना

वर्धा, माघ महिना, १९५५

प्रिय बाबा,

तीर्थरूप लिहिलं नाही म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. तीर्थरूप लिहिलं की पुढे रागावता येत नाही, आणि मला तुमच्यावर रागवायचं आहे. दिवाळीत माझ्या घरी आलात आणि चहाही न घेता हिंगणीला निघून गेलात. नंतर मी निरोप धाडला, तर कापूस वेचायचाय. पुन्हा धाडला, तर तूर काढायचीय. बाबा, मी तुमचीच लेक आहे, मला तूर सांगू नका!

काय खुपलं ते ठाऊक आहे मला. व्याह्याच्या घरी पाहुणे आलात, अन् सकाळी सासूबाई अंगणात येऊन पाहतात तर त्यांच्याच खाटेची सगळी वीण उकलून तुम्ही ती नव्यानं ताणत बसलेले. का, तर एक दोरी तिरपी होती! त्या बोलून गेल्या, ‘काऊन वो, हे इहीबुवा येडे होऊन राह्यले का?’ तुम्ही खाट पुरी विणलीत, लोटा उचललात आणि चालते झालात. मी दारात उभी राहून रडले.

आई असती तर तिनं निभावून नेलं असतं. गावाला निघालो की तुम्ही वेशीपासून परत फिरायचे, दाराची कडी ओढून बघायला. आई तोवर लिंबाखाली बसून सुपारी कातरायची. तिला त्याचं कधी काही वाटलंच नाही.

आता ऐका. तुमचे जावई खादीच्या केंद्रात शिकवतात, तिथं विणकाम शिकायला मेक्सिको देशाच्या एक बाई आल्यात, कार्मेनबाई. आमच्याच पडवीत राहतात, मोडकंतोडकं हिंदी बोलतात. तुम्ही गेल्यावर ती खाट निरखून त्या हसल्या अन् म्हणाल्या, मानियातिको! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता ही परदेशची बाईही माझ्या बापाला वेडा म्हणते! त्यांनी हात धरून मला खाली बसवलं. वेड्याला त्यांच्या स्पॅनिश भाषेत वेगळा शब्द आहे म्हणे. हा शब्द, ज्याला एखादी गोष्ट आपल्याच रीतीनं झाल्याशिवाय चैन पडत नाही, त्याचा. कुणी जेवणाच्या बाबतीत तसा, कुणी अंथरुणाच्या घडीच्या. परक्यानं म्हटला तर टोचतो, घरच्यानं म्हटला तर त्यात माया असते. त्यांचे वडील जेवायला बसण्याआधी सगळ्यांचे चमचे पुसायचे, आणि त्यांची आई हाच शब्द म्हणत त्यांच्या हातात फडका द्यायची. मला आपली आईच दिसली हो. आपल्याकडे खूळ म्हणतात, नाद म्हणतात, पण असा हातात फडका देणारा शब्द मला काही सापडला नाही.

आता घरात तो शब्द चांगलाच रुळलाय. सासूबाईंना दुसऱ्यानं धुतलेली कपबशी चालत नाही, तर लेकानंच त्यांना मानियातिका म्हटलं. बाईमाणसाला तसं म्हणतात. आधी फुगल्या, मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. परवा स्वतःहून म्हणाल्या, ‘त्या खाटेवर पाठ दुखत नाई व पोरी. तुह्या बापाले लिही, मीच चुकली, राग सोडा म्हणा.’ मी तेव्हाच कागद घेऊन बसले.

पण बाबा, एवढ्यासाठीच लिहीत नाही. चैत्रात माझे दिवस भरतात. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. आईविना घरात लेकीला कसं आणायचं, या धास्तीनं तुम्ही तूर पुढे करता, हे का मला कळत नाही? नेऊ नका. सुईण इथं जवळच राहते, सासूबाई जिवाला जीव देतात. पण मला भीती वाटते, बाबा, आणि तुम्ही जवळ हवे आहात. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तुम्हीच. तेव्हा मी माहेरी येत नाही. माहेरानंच इकडे यावं.

वाट बघून राह्यलेली,
तुमचीच धुरपता