ट्रकचे दिवे आणि माझं फिजिक्स

२ मार्च, सोमवार
काल संध्याकाळी आमच्या ट्रकला एका गाडीने मागून धक्का दिला. नुकसान किरकोळ, मागच्या फळीला पोचा. पण तो गाडीवाला वर तोंड करून सूनबाईला म्हणाला की तुमचे मागचे दिवे लागलेत की नाही हे खाली उतरून बघावं लागतं.

ट्रक सूनबाई चालवते. आधी हे चालवत. ह्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा ट्रक विकायचं चाललं होतं. सूनबाई म्हणाली, विकू नका, मी चालवते. चालवते, आणि नीट चालवते. चिरंजीव ऑफिसात कॉम्प्युटर चालवतात. मी यावर एक शब्द बोलले नाही. कुणाच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा माझा नियम आहे.

सोळा तारखेला एक फर्निचर कंपनी ट्रक तपासणार आहे. पास झाला तर वर्षभराचं काम, ठरलेली फेरी, संध्याकाळी घरी. सध्या ह्याचं कपाट, त्याचा सोफा असं सुटं चालतं. मागे एका कंपनीत साहेबाने तिलाच विचारलं होतं की ड्रायव्हर कुठाय. ती समोर उभी होती. तेव्हापासून या सोळा तारखेत तिचा जीव अडकलाय.

संकल्प : मागचे दिवे आणि चारही इंडिकेटर एलईडी करणे. मी स्वतः. बी.एस्सी., फिजिक्स. डिग्री काय नुसती कपाटात ठेवायची?

सूनबाई म्हणाली, आई, जुन्या प्रकारचेच नवे बल्ब घालते, दहा मिनिटांचं काम आहे. ह्यांनीही तिचीच री ओढली. दोघांना प्रगतीचं वावडं.

४ मार्च, बुधवार
दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, गाडी बारा व्होल्ट की चोवीस? मी तयारीनिशी गेले होते. बॅटरीवर स्वच्छ छापलंय, बारा. तो म्हणाला, बाई, ट्रकला बहुधा चोवीस असतं, एकदा घरी विचारून या. मी त्याला विचारलं, तुम्ही ट्रक पाहिलाय का आमचा? त्याने बिल फाडलं. बल्ब घेऊन आले.

(ट्रकला बॅटऱ्या दोन आहेत. दोन्हींवर बारा लिहिलंय. खात्री करावी म्हणून दोन्ही वाचल्या होत्या.)

५ मार्च, गुरुवार
बल्ब बसवले. काय तो उजेड! ह्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले, कुणाचं लग्न आहे का? मी उत्तर देणार तेवढ्यात जळका वास आला. एकेक करून सगळे गेले.

निकृष्ट माल. दुसरं काय.

संध्याकाळी
शब्दकोडं सोडवता सोडवता, मान वर न करता हे म्हणाले की त्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या आहेत, बारा आणि बारा. मला हे माहीत नाही असं त्यांना का वाटावं? ही सीरिज जोडणी. मी झोपेतही आकृती काढून दाखवीन. मुद्दा एवढाच की ट्रक बनवणाऱ्यांनी पॅरलल जोडायला हव्या होत्या. मग मी बरोबर होते.

७ मार्च, शनिवार
चोवीस व्होल्टचे बल्ब आणले. दुकानदार मिशीतल्या मिशीत हसला. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. गरज पडली तर ह्यांना पाठवीन.

मागच्या दिव्यांसाठी पांढरे घेतले. विचारपूर्वक. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात, त्यातला लाल तेवढा लाल काचेने पुढे सोडावा, हे काचेचं काम आहे. काचेने ते केलं नाही. मागून पाहिलं तर गुलाबी.

सूनबाई मागे उभी होती. म्हणाली, आई, ट्रक लाजतोय. हे म्हणाले, इतकी वर्षं मी चालवला, माझ्यापुढे कधी लाजला नाही. दोघं हसत सुटली. सुरक्षिततेच्या बाबतीत थट्टा मला चालत नाही, हे मी दोघांना ऐकवलं.

८ मार्च, रविवार
ह्यांना पाठवून लाल बल्ब आणवले. बसवले. हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, लाल आहे. ह्यांच्या तोंडून ही शाबासकीच म्हणायची.

मग इंडिकेटर. नारिंगी, चार. पुढचे दोन, मागचे दोन. स्विच लावल्याबरोबर असे फडफडायला लागले की ह्यांनी विचारलं, ह्याला फिट आली का? मी म्हटलं, जलद आहे, म्हणजे लक्ष वेधून घेतं. त्याच कामासाठी असतो तो.

१० मार्च, मंगळवार
सूनबाई वैतागून आली. एका मोटरसायकलवाल्याने तिचा पेट्रोल पंपापर्यंत पाठलाग केला, का, तर ताई, तुमचा इंडिकेटर वेडा झालाय हे सांगायला. दुसऱ्याने काही तरी संकट आहे असं समजून गाडी आडवी घातली आणि पाणी हवंय का विचारलं. तिसऱ्याने अँब्युलन्स समजून बाजूला होऊन वाट दिली. या तिसऱ्यात तोटा काय झाला ते मला कळलं नाही.

म्हणाली, आई, जुने बल्ब लावू या. मी म्हटलं, अगं, सोळा तारखेला अजून अवकाश आहे, तोवर काहीही होऊ शकतं. ती म्हणाली, मला तीच तर भीती वाटते.

हल्लीच्या मुलींना धीर कमी.

११ मार्च, बुधवार
वाचन केलं. कारण सापडलं. इंडिकेटर लुकलुकवणारी एक डबी असते. दिवा किती करंट ओढतो त्यावरून ती बल्बची तब्येत ओळखते. एलईडी इतका कमी ओढतो की डबीला वाटतं बल्ब गेला, आणि ती ड्रायव्हरला कळावं म्हणून घाईघाईने लुकलुकते. म्हणजे माझ्या बल्बमध्ये दोष नव्हता. डबीचा गैरसमज होता.

उपाय दोन. एक, नवी डबी बसवणे. जुनी उपसायची, नवी खोचायची, संपलं. दोन, प्रत्येक दिव्याला रेझिस्टर जोडून करंट वाढवणे. सूनबाईने विचारलं, डबीच सोपी नाही का? सोपी आहे म्हणूनच नको. त्यात ओहमचा नियम कुठेच लागत नाही.

१३ मार्च, शुक्रवार
रेझिस्टर तापतो. हे मला अपेक्षितच होतं. एवढा तापतो हे अपेक्षित नव्हतं. प्लास्टिकच्या पट्टीने दिव्याच्या प्लास्टिकच्या वाटीला बांधला होता. आता पट्टी नाही, वाटीलाही एक भोक आहे. माझ्या बोटालाही फोड. मात्र करंट वाहतोय हे निर्विवाद सिद्ध झालं.

सूनबाईला उद्या एक कपाट पोचवायचं होतं. ट्रकचं तोंड उघडं पडलेलं, तिने फोन करून नाही म्हणून सांगितलं. गाडी कामाला काढलीय, म्हणाली. मग माझे पाने आणि पकडी न सांगता पुसून जागच्या जागी ठेवले. आणि एवढंच म्हणाली, आई, सोमवारी मला गाडी लागेल.

आवाज बसल्यासारखा होता. घसा धरला असावा. गुळण्या करायला सांगितल्या.

१५ मार्च, रविवार
आज शिस्तीत काम केलं. आतापर्यंत घरच्यांनी घाई केली म्हणून अडचणी आल्या.

रेझिस्टर आता पत्र्याच्या पट्टीवर, प्लास्टिकपासून लांब. पुढच्या जाळीमागे सगळ्या वायरी एकत्र येतात, तिथे गेल्या कित्येक वर्षांचा गुंता होता. मी सगळ्या सोडवल्या आणि पद्धतशीर चिठ्ठ्या लावल्या. आधी कॅबिनकडून येणाऱ्या : ह्यांना आत बसवून डावा इंडिकेटर लावायला सांगितला, जिच्यात वीज आली तिला 'डा'. मग पुढच्या दिव्यांकडे जाणाऱ्या : ट्रककडे तोंड करून समोर ताठ उभी राहिले, माझ्या डाव्या हाताच्या दिव्याच्या वायरीला 'डा', उजव्या हाताच्या वायरीला 'उ'. डाला डा जोडली, उला उ. शाळेतल्या पोरालाही जमेल, पण पद्धत सुचायला डोकं लागतं.

चाचणी. हे आत, मी समोर. डावा म्हटलं, माझ्या डाव्या हाताचा लागला. उजवा म्हटलं, उजव्या हाताचा. वेग भारदस्त. मागे जाऊन पाहिलं, तिथेही बिनचूक.

सूनबाई खाली आली. मागे उभी राहून तिने डावा-उजवा पाहून घेतला. म्हणाली, छान दिसतंय आई, खरंच. पुढेही बघते म्हणाली. मी म्हटलं, पुढचं मी जातीने पाहिलंय, तू जा, उद्याचा शर्ट इस्त्री कर. गेली.

मला तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू दिसलं. फिजिक्स.

१६ मार्च, सोमवार
बरोबर गेले. ढवळाढवळ करायला नव्हे. तांत्रिक प्रश्न आला तर कुणीतरी असावं म्हणून.

कंपनीच्या आवारात ट्रकची रांग. तपासणारा एक काटकुळा माणूस, हातात टॉर्च. सूनबाईला पाहून म्हणाला, ड्रायव्हर तुम्ही ना? बसा वर. बस्स, इतकंच. सूनबाई एकदम ताठ बसली. टायर पाहिले, ब्रेक पाहिले, आरसे पाहिले. सगळं ठीक. मागचे दिवे पाहून तो, वा, म्हणाला. हे मी नोंदवून ठेवते.

मग डावा इंडिकेटर लावायला सांगितला. मागून पाहून मान हलवली. पुढे आला आणि थांबला. उजवा लावा, म्हणाला. परत डावा. परत मागे गेला, परत पुढे आला. मग खिडकीखाली येऊन म्हणाला, बाई, मागून तुम्ही डावीकडे वळताय आणि पुढून उजवीकडे. घरी बसून एक काय ते ठरवा.

रांगेतले ड्रायव्हर हसले. एक जण म्हणाला, वळणावर गाडी मधोमध फाटायची.

त्या माणसाने विचारलं, ही वायरिंग कुणी केली?

सूनबाई समोरच्या काचेतून बघत म्हणाली, मी.

तो म्हणाला, गाडी चालवता तेवढी चालवा, वायरींना हात कशाला लावता. कागदावर काहीतरी लिहिलं.

मी शेजारच्या सीटवरच होते. मी बोलणार होते. खाली उतरून, नीट समोर उभं राहून, मुद्देसूद बोलणार होते. पण सीटबेल्ट अडकला. तो निघेपर्यंत माणूस पुढच्या ट्रकपाशी गेला होता.

येताना सूनबाईने वळणावर इंडिकेटर लावला नाही. खिडकीतून हात काढून दाखवत होती.

१७ मार्च, मंगळवार
शांतपणे विचार केला. चूक व्याख्येत आहे. डावं म्हणजे कुणाचं डावं, बघणाऱ्याचं की ट्रकचं? हे आधी ठरायला हवं होतं. कॅबिनमध्ये हे होते. त्यांना विचारता आलं असतं.

सूनबाईलाही सकाळी सांगितलं की बेल्ट अडकला नसता तर मी त्या माणसाला तिथल्या तिथे खरं काय ते सांगणार होते. ती म्हणाली, बरं. हे शब्दकोड्यातून मान वर काढून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना एखादा शब्द अडला असेल असं वाटून मी विचारलं. नाही म्हणाले.

दुपारी म्हणाले, तिच्याशी एकदा बोल. म्हटलं, बोलले की सकाळीच.

१९ मार्च, गुरुवार
कंपनीचा फोन आला. वर्षाचं काम दुसऱ्या ट्रकला गेलं. सूनबाईचं नाव राखीव गाड्यांत. म्हणजे कुणाची गाडी बंद पडली तर हिला बोलावणार.

मी म्हटलं, राखीव म्हणजे यादीत तर आलो. ती म्हणाली, हो, यादीत आलो.

मग पाना घेऊन खाली गेली आणि एकटीने पुढच्या वायरी सरळ करून सगळे जुने बल्ब परत लावले. टॉर्च धरायला कुणाला बोलावलं नाही. दहा मिनिटांचं काम म्हणत होती, बराच वेळ लागला. माझी पत्र्याची पट्टी काढताना लागला असणार, पट्टी मी पक्की बसवली होती. मी गॅलरीतून सांगितलं, डावीकडचा स्क्रू आधी सोड. तिने वर पाहिलं. म्हणाली, कुणाच्या डावीकडचा?

यात टोमणा नसावा. प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या योग्य होता.

काम झाल्यावर ती बराच वेळ कॅबिनमध्ये बसून होती. माझ्या सीटवर. काय करत होती ते गॅलरीतून दिसलं नाही.

२० मार्च, शुक्रवार
सूनबाई एक सोफा पोचवायला निघाली होती. मी तेलाची बाटली घेऊन दारात उभी राहिले आणि किल्ली मागितली. कशाला, तिने विचारलं. म्हटलं, त्या सीटबेल्टला तेल घालते. उद्या कुणी अडकून बसायचं.

ती बूट घालत होती. नाडी बांधली. मग म्हणाली, आई, काल मी तो बेल्ट पाहिला. पुन्हा पुन्हा लावला, पुन्हा पुन्हा काढला. मला वाटलं होतं, अडकत असेल.

नाही अडकत, म्हणाली. आणि गेली.

तेलाची बाटली जागेवर ठेवली.