पाटी नसलेला काठ

३ मार्च

चौकशीचा निकाल आला. दीड पान! 'अपघाती मृत्यू. लॉजमालकाचा दोष नाही.' भिंगरीचं वयसुद्धा चुकवलंय मेल्यांनी — सव्वीसची एकोणतीस केली. "बिनधास्त उतरा, इथे मगरी येत नाहीत," असं त्यानेच सांगितलं होतं माझ्या बहिणीला. काठावर साधी पाटी नाही. आणि म्हणे दोष नाही!

५ मार्च

हॉस्पिटलात, वॉर्डावर रजा टाकली. आई म्हणाली, "आता तिथे जाऊन काय मिळणार गं?" काय मिळणार! त्याच्या त्या नदीकाठच्या लॉजला टाळं लागलेलं बघीन, तेव्हाच माझा जीव थंड होईल. सासरच्या आडनावाने खोली घेतलीय. ओळखायचा नाही.

८ मार्च

मालक फार गोड बोलतो. न्याहारीला सगळ्या पाहुण्यांना हसत सांगत होता, "मगरीपेक्षा गाडीखाली जास्त माणसं मरतात हो! आणि त्या राहतात खालच्या वळणाला. इकडे फिरकत नाहीत." माझ्या हातात लोण्याची सुरी होती. बोथट.

नंतर नावाड्याला गाठलं. "ताई, मगरीला कसलं आलंय वळण! पाटी लावा म्हणून मी कितीदा सांगितलं. म्हणतात, पाटी बघून गिऱ्हाईक पळतं."

मग चौकशीत का नाही बोललास?

"पोटावर पाय आला असता, ताई." मान खाली. यालाही माफ करणार नाही.

९ मार्च

दुर्बीण घेऊन काठावर बसले. एक दिसली तरी पुरे. फोटो काढीन, पेपरात देईन, त्याचे दात त्याच्याच घशात घालीन. दिवसभर नुसते बगळे.

१० मार्च

आजही नाही. मालकाने आपुलकीने सरबत पाठवलं. कुंडीत ओतलं.

११ मार्च

शेजारच्या खोलीतल्या शिक्षिकाबाई पोहायला उतरल्या होत्या. मगरीने पाय धरला. मी ओरडले, नावाड्याने उडी टाकून वल्ह्याने हाणलं — हाणतच राहिला! — तेव्हा कुठे सुटल्या. दुर्बिणीच्या पट्ट्याने मांडी आवळून बांधली मी. बाई जगतील. पाय नाही राहायचा.

मालक पांढराफटक. पाहुणे त्याच्या अंगावर धावून गेले. नावाडी पोलिसांसमोर सगळं घडाघडा बोलला, भिंगरीचंसुद्धा. गाडीत घालून नेलं मालकाला. लॉजला सील!

झालं. मिळालं मला. मग जेवण का जात नाही?

१४ मार्च

बाईंना भेटायला हॉस्पिटलात गेले. माझे दोन्ही हात धरून रडल्या. "तुम्ही ओरडलात म्हणून मी आज आहे."

त्या दिवशी बाई नदीच्या पायरीवर चपला काढत होत्या, तेव्हाच मला मगर दिसली होती. मी मनात म्हटलं — उतरू दे.