यशोधरेच्या पत्रिकेची फ्लॉपी

नेवासा,
एप्रिल १९९८

चि. सम्राट यास रंभाजीकाकाचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळे खुशाल (तुझ्या काकूचे गुडघे सोडून, ते खुशाल असल्याचं मला आठवत नाही). पुण्याची हवा तुला मानवली असेल. खानावळ मानवली नाही हे तुझ्या गेल्या पत्रातल्या लोणच्याच्या मागणीवरून समजलं.

तुझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका तू ऑफिसातल्या मॅकिंटॉशवर जुळवून फ्लॉपीत पाठवलीस, त्याबद्दल तुझं कौतुक वाटतं. पूर्वी लोक पत्रिकेचा मजकूर कागदावर पाठवत. तो नेवाशातही वाचता येई, हा त्याचा मोठाच दोष म्हणायचा. राहात्याच्या बैठकीत त्यात नावं कोणत्या क्रमाने घालायची ते ठरलं, आणि भांडण पुन्हा निघू नये म्हणून कच्चे कागद तिथल्या तिथे फाडले, असं ऐकतो. मी तापाने पडून होतो. त्यामुळे कोण वर, कोण खाली, मला ठाऊक नाही आणि त्याचं मला सोयरसुतकही नाही. बुद्धपौर्णिमेच्या आधी पत्रिका घरोघरी पोचाव्यात, एवढीच माझी काळजी.

फ्लॉपी घेऊन प्रथम आपल्या सत्तारच्या छापखान्यात गेलो. त्याने नवा विंडोजवाला कॉम्प्युटर घेतला आहे (त्यावर रुमाल झाकतो, नव्या नवरीवर झाकावा तसा). फ्लॉपी आत घालताच कॉम्प्युटरने अदबीने विचारलं की ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आत्ता करायची का? सत्तार म्हणाला, “काका, ही तर कोरी हाय. मारू का फॉरमॅट?” फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, हे तू बजावलं होतंस म्हणून मी त्याचं मनगट धरलं. नाहीतर तुझी बहीण बिनपत्रिकेची राहिली असती.

मग एसटीने नगर. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या क्लासमध्ये डॉसचं मशीन आहे. त्यावर काळ्या पडद्यावर इंग्रजीत उमटलं: सोडून देऊ, पुन्हा प्रयत्न करू, की नापास करू? आता मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. कुणालाही एकदम नापास करणं माझ्या हातून होत नाही. मी पुन्हा प्रयत्नाचंच बटण दाबत राहिलो. विद्यार्थ्याने दोनदा चहा मागवला, शेवटी क्लास बंद करायची वेळ झाल्याचं सांगितलं. तिथून एका जाहिरातवाल्याकडे गेलो, तिथेही काही उघडलं नाही. त्याचा तपशील लिहीत नाही, उगाच पत्र लांबेल.

तरी विंडोजला चालेल अशा फ्लॉपीवर पत्रिका पुन्हा पाठव. लोणचं एसटीच्या पार्सलने टाकतो.

तुझा,
रंभाजीकाका

ता. क. – तू फाइल उघडणारच आहेस, तर एक किरकोळ दुरुस्ती. छगनमामांच्या खाली, तेही पार शेवटून दुसऱ्या ओळीत माझं नाव बरं दिसत नाही. ते वर घे. ‘निवृत्त शिक्षक’ हेही राहिलंय. मला स्वतःला काही नाही, लोक विचारतात.

ता. क. २ – दादा, पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून मी यशोधरा लिहितेय. नगरला मी काकांबरोबर होते. जाहिरातवाल्याकडे तुझ्यासारखंच मॅकिंटॉश होतं. पत्रिका लगेच उघडली. काकांनी चष्मा पुसून सगळी नावं वाचली, फ्लॉपी खिशात घातली आणि “कोरी आहे” म्हणाले. मला फार वाईट वाटलं. बाबा गेल्यावर माझं सगळं त्यांनीच केलं. त्यांचं नाव सगळ्यात वर घाल, मामांना मी सांभाळते. जागा पुरली नाही तर माझं नाव बारीक टाइपात घे.