हबला लावलेला पंखा

ओस्निएल,

मी एलियाडेसकडे मालिकांची भाड्याची डिस्क परत द्यायला गेलेय. या आठवड्याच्या मालिका पुन्हा अर्ध्याच कॉपी झाल्या, आणि त्याला कारण तुझा पंखा. कॉम्प्युटरच्या एवढ्याशा त्या यूएसबी हबला प्रिंटर, स्पीकर, कीबोर्ड, माउस, डिस्क, आणि वर पंखा! पंखा फिरायला लागला की डिस्क मान टाकते, हे तुला किती वेळा सांगायचं? पुढची सगळी गल्ली त्या डिस्कची वाट बघत बसलीये आणि उशिराची बोलणी खायला मी!

पंखा काढलाय. उकडलं तर बाल्कनीचं दार उघड. प्रिंटरची वायर हलवू नकोस, ती तिरकी असली तरच चालते.

आता कॅमेरा. ‘हबला जागाच नव्हती, म्हणून काढला’ म्हणे! मोज्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यामागे ठेवायला बरी जागा मिळाली? आई किती वाळलीये ते मायामीत बसलेल्या आपल्या मायदेलिनला दिसू नये, म्हणून हे सगळं. मला कळत नाही का?

दुपारी मी तो जोडला. आईने लिपस्टिक लावली, माझे झुमके घातले, आणि ‘मी अगदी मजेत’ म्हणून हसली. मायदेलिनने पडद्यावर तिला नीट न्याहाळलं. मग म्हणाली, “ताई, मी येतेय. दादाला सांगू नकोस, तो नको म्हणेल.”

मी सांगतेय. नको म्हणून तर बघ.

यानेत