तिसऱ्या आईझाडाच्या चार फांद्या

गार्बरव्हिल, मंगळवार

प्रिय बाबा,

मी मजेत आहे, जेवतोही वेळेवर. आईचे गुडघे कसे आहेत?

तुम्ही रविवारी आमची नर्सरी बघून गेलात आणि सोमवारी गांजाच्या तिसऱ्या आईझाडाच्या चार फांद्या गायब! पुढच्या कलमांसाठी त्याला महिनाभर जपलं होतं. मी माझ्यासोबत नर्सरीत काम करणाऱ्या मार्लोवर भडकलो. तो म्हणाला, "अरे, माझी कंबर धरलीय. मी वाकून खालच्या फांद्या कापीन होय?"

मग छाट नीट पाहिले. कोंब फुटतो त्या डोळ्याच्या बरोब्बर वर, तिरके. शिवाय झाडाला पाणीही घातलेलं. चोर कधी पाणी घालतो का? गुलाब असाच छाटायला तुम्हीच मला शिकवलंत.

तुमच्या खिडकीत नवीन काय लावलंय, ते विचारत नाही. मार्लोची माफी मागू की नको, तेवढं कळवा.

तुमचाच,
एल्डन